जोडखेळ आणि दिवाळीचा किल्ला

ज्या खेळण्याचे भाग मूल स्वतः जोडते, मोडते आणि पुन्हा निराळ्या रीतीने जोडते, ते जोडखेळ. लाकडी ठोकळे, मेकॅनोच्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या विटा, पत्त्यांचा बंगला, ओल्या वाळूचा खोपा आणि चिखलाचा किल्ला हे सगळे एकाच कुळातले. तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याचा खेळ वरवर याच जातीचा वाटतो. पण त्यात चित्र आधीच ठरलेले असते आणि शेवटचा तुकडा बसला की खेळ संपतो. चावी दिली की धावणारी मोटार तर पहिल्याच दिवशी आपल्याजवळचे सारे सांगून टाकते. जोडखेळाला ठरलेला शेवट नसतो. काय बांधायचे ते मुलाने ठरवायचे, बांधता बांधता बेत बदलायचा आणि मोडल्यावर भाग पुन्हा हाताशी यायचे, म्हणून मूल त्यात तासन्‌तास रमते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत या खेळाची एक जुनी, बिनखर्चाची परंपरा आहे: दिवाळीचा किल्ला. तिचे मोल कळण्यासाठी आधी ठोकळ्यांकडे वळावे लागते.

फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिचेच पुढे किंडरगार्टन झाले. मुलांना क्रमाने द्यायच्या वस्तूंचे त्याने संच केले आणि त्यांना देणग्या असे नाव दिले. पहिल्या संचात लोकरीचे रंगीत चेंडू, दुसऱ्यात लाकडी गोल, नळकांडे आणि घन, तिसऱ्यात आठ लहान घनांचा मिळून झालेला एक मोठा घन. ठोकळे आठच; पण त्यांची खुर्ची होते, जिना होतो, नक्षी होते, आणि आठाचे निम्मे चार, चाराचे निम्मे दोन हा हिशेब हाताला आधी कळतो, पाटीवर मागाहून येतो. खेळून झाल्यावर ठोकळे पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवायचे, हा फ्रोबेलचा नियम. अमेरिकन वास्तुशिल्पी फ्रँक लॉईड राइट यांना लहानपणी आईने हे ठोकळे आणून दिले होते आणि आपल्या कामावरचा त्यांचा ठसा राइट यांनी मोठेपणी आत्मचरित्रात नोंदवला.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या संचाचे पेटंट घेतले. तोच पुढे मेकॅनो झाला. पट्टीवरची भोके अर्ध्या अर्ध्या इंचावर, म्हणून कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला बसते. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने हेच तत्त्व २८ जानेवारी १९५८ च्या पेटंटने प्लॅस्टिकच्या विटेत आणले. विटेच्या माथ्यावर खुंट्या, पोटात नळ्या. दोन विटा नुसत्या दाबाने घट्ट बसतात आणि मूल ओढेल तेवढ्याच जोराने सुटतात. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या अवघ्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकावर मोजून काढले. खेळण्याची श्रीमंती भाग किती आहेत यापेक्षा ते एकमेकांना कसे बसतात यावर ठरते, हे त्या आकड्यातून उघड होते. अलीकडे या विटा एकेका ठराविक विमानाच्या किंवा मोटारीच्या संचातून, पानोपानी सूचना असलेल्या पुस्तिकेसह विकल्या जातात. पुस्तिकेबरहुकूम बांधलेले विमान कपाटावर शोभेला जाते आणि विटा कायमच्या अडकतात. पैसे खर्चायचेच असतील तर सुट्या, साध्या विटांची पेटी घ्यावी.

हाती ठोकळे आले की मूल काय करते, याचे बारकाईने निरीक्षण हॅरिएट जॉन्सन या अमेरिकन बालशिक्षिकेने केले आणि १९३३ मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने मांडले. अगदी लहान मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहते. मग ते एकावर एक रचते किंवा ओळीने मांडते. त्यानंतर दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा टाकून पूल करते, चार बाजूंनी जागा बंद करून कुंपण घालते, दोन्ही अंगांना सारखी नक्षी काढते. आपल्या बांधकामाला ते नाव देऊ लागते ते यानंतर, आणि पाहिलेली खरी इमारत हुबेहूब उभारण्याची धडपड सर्वांत शेवटी येते. हा क्रम ठाऊक असला तर तीन वर्षांच्या मुलाला ‘हे काय केलंस, घर की गाडी?’ असे विचारण्याची घाई मोठी माणसे करणार नाहीत. त्या वयात रचणे हेच काम असते.

महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया ताराबाई मोडक यांनी घातला, आणि त्यांच्या कामाची भूमी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलीच. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. (२०१४ मध्ये जिल्हा विभागला गेल्यापासून बोर्डी आणि कोसबाड पालघर जिल्ह्यात आहेत.) मॉन्टेसरी पद्धतीची साधने नेटकी, पण महाग होती. शिवाय त्यांतली बरीचशी एकच बरोबर उत्तर असलेली: दट्ट्या त्याच्याच खोबणीत बसतो, दुसऱ्या खोबणीत बसत नाही. बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काटक्या आणि माती ही साधने झाली. हेतू मुख्यतः खर्च वाचवण्याचा आणि मुलांच्या ओळखीच्या वस्तू वापरण्याचा होता. पण त्यातून आणखी एक गोष्ट साधली. शिंपल्याला नेमून दिलेली खोबण नसते. तो मोजायला चालतो, नक्षीला चालतो, बाहुलीचे ताट म्हणूनही चालतो. महागड्या खेळण्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या आईवडिलांनी कोसबाडची आठवण ठेवावी.

अरविंद गुप्ता यांची काड्यांची मेकॅनो याच वाटेवरची. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या आणि पुण्याच्या टेल्कोत काम करणाऱ्या या अभियंत्याने १९७८ च्या सुमारास मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहभागी असताना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या एकत्र आणल्या. नळीचा छोटा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे तुळई. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. त्यात कर्णावर एक काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या पुलाच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला यातून कोणी न सांगता कळते.  गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात अशी शेकडो खेळणी घडवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्यांपेक्षा मोठा, अधिक गुंतागुंतीचा आणि मुलांनी मुलांकडून शिकलेला जोडखेळ म्हणजे दिवाळीचा किल्ला. सहामाही परीक्षा संपली की इमारतीतली मुले माती, दगड, फुटक्या विटा, पोती गोळा करू लागतात. आधी दगडविटांचा ढीग रचून डोंगराचा सांगाडा होतो. त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट अंथरतात. तागाचे धागे माती धरून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात तिला भेगा कमी पडतात. मग मातीचा लेप. पाणी जास्त झाले तर उतार घसरतो, कमी झाले तर माती चिकटत नाही. नेमके किती, हे कोणत्याही पुस्तिकेत नसते. दोनदा बुरूज ढासळला की तिसऱ्यांदा हाताला उमगते. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात आणि ती उगवायला लागणारे दिवस धरून काम वसुबारसेच्या आत उरकावे लागते. वेळेचे नियोजन मुले येथे जितके मनापासून करतात, तितके अभ्यासाच्या वेळापत्रकात करताना दिसत नाहीत.

जॉन्सन यांनी सांगितलेला क्रमही किल्ल्यात दिसतो. लहानगी मुले माती वाहतात, त्यांच्याहून मोठी तटबंदी घालून जागा बंद करतात, दरवाजाची कमान म्हणजे पूलच, आणि सर्वांत मोठी मुले ‘यंदा राजगड करायचा’ म्हणून नकाशा शोधतात. एका वयाची मुले एका वर्गात असण्याच्या काळात पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी एकत्र काम करण्याची ही फार थोड्या जागांपैकी एक जागा आहे. हुबेहूबपणाची ओढ लागली की खऱ्या किल्ल्याचे शास्त्र आपोआप येते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडवलेला का, राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तट का, विजयदुर्गाला एकाआत एक तीन तटबंद्या का, हे प्रश्न माती थापताना पडतात. कल्याणच्या मुलांना तर खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला घरचाच. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ या खाडीकाठी झाला असे मानतात. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, विजयदुर्ग यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. मुलांच्या किल्ल्यांना त्यामुळे नवे विषय मिळाले आहेत.

किल्ल्यावर काय लावायचे यालाही बंधन नसते. सलाइनच्या नळीचे कारंजे, काडेपेट्यांचा बाजार, बाटलीच्या झाकणांची चाके, आरशाच्या तुकड्याचे तळे. सायमन निकोल्सन या ब्रिटिश कलावंताने १९७१ मध्ये असा विचार मांडला की एखाद्या जागी हलवता, बदलता येतील असे सुटे भाग जितके अधिक, तितका तेथे कल्पकतेला वाव अधिक. ठाण्या-डोंबिवलीच्या आवारांत मुले हे कित्येक पिढ्या करत आली आहेत.

अडचण आता जागेची आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या जुन्या वाड्या, चाळी आणि तीनमजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. त्यांच्या आवारात मोटारी आणि पेव्हर ब्लॉक असतात. माती असते ती कुंड्यांत. ती रोपवाटिकेतून पोत्याने विकत आणावी लागते. फरशीवर चिखल झाला की तक्रार येते. म्हणून बाजारात मिळणारा प्लॅस्टरचा तयार किल्ला दारात मांडला जातो. त्यावर मावळे मांडता येतात, पण त्यात बांधण्यासारखे काही उरलेले नसते. तयार किल्ला आणणे म्हणजे मुलाचा सगळा खेळ दुकानदाराला खेळू देणे. स्पर्धांनी काही ठिकाणी परंपरा टिकवली हे खरे. मात्र बक्षिसाच्या ओढीने वडीलधारे हातात थापी घेतात, तिथे मुले पाणी आणून देणारी मजूर होतात. परीक्षकांनी किल्ल्याच्या देखणेपणाआधी मुलांना बोलते करावे: हा बुरूज इथेच का, पाणी कुठून जाते.

दिवाळी वर्षातून एकदाच येते. उरलेल्या महिन्यांसाठी घरात सुट्या वस्तूंची एक पेटी असावी: लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याचे खोके, दोरा, आइस्क्रीमच्या काड्या, डबे, कपड्यांचे चिमटे. त्यात काही पथ्ये पाळावीत. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती तोंडात जाईल एवढा लहान भाग देऊ नये. छोटे लोहचुंबकी गोळे असलेले संच घरात आणूच नयेत; दोन गोळे पोटात गेले तर आतडे मध्ये चिमटून जिवावर बेतते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे; ते पाहूनच विकत घ्यावे. अर्धवट बांधकाम रात्री आवरायला लावू नये. उद्या पुढे चालू करता येईल असा एक कोपरा, पलंगाखालचा का असेना, त्याला द्यावा. मूल ‘काय करू?’ म्हणून मागे लागले तर लगेच उत्तर देऊ नये. थोडा वेळ कंटाळू द्यावे, पेटी समोर ठेवावी आणि बाजूला व्हावे.

मोठ्यांचे खरे काम जागा आणि मुभा देण्याचे आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील गृहनिर्माण संस्थांनी येत्या सर्वसाधारण सभेत एक ठराव करावा: दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आवारातला एक कोपरा मुलांच्या किल्ल्यासाठी मोकळा राहील, एक ब्रास माती संस्थेच्या खर्चाने येईल, आणि नंतर तीच माती आवारातल्या झाडांना घातली जाईल. खर्च एका मोटारीच्या पार्किंगच्या वादाहून कमी येईल.