गाडीच्या पोटाखालचें चिलखत

सह्याद्रींतील खडकाळ वाटांवर गाडी नेण्याची हौस सांप्रत अनेक कुटुंबांत दिसते. अशा वाटेवर गाडीचें मर्मस्थान तिच्या पोटाखालीं असतें. इंजिनाचें तेल धरणारें चेंबर तेथेंच. धोंडा लागून तें फुटलें तर तेल गळतें आणि तेलावांचून चालू राहिलेलें इंजिन थोड्याच वेळांत जाम होतें. कारखान्यांतून पुष्कळदां येणारें प्लॅस्टिकचें आवरण चिखल अडवितें, धोंडा नव्हे. म्हणून स्किड प्लेट हवी.

ती पोलादी असावी कीं अ‍ॅल्युमिनियमची? ३ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा दर चौरस मीटरास सुमारें २३.५ किलो भरतो. ६ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा सुमारें १६. जाडी दुप्पट असल्यानें हा हलका पत्रा वांकण्यास अधिक विरोधही करतो. मात्र तो मऊ. खडकावर पोलाद घसरत पुढें सरकतें, अ‍ॅल्युमिनियम ओरखडून अडतें. पोलादास गंज चढतो, हें कोंकणांतील मंडळींस सांगणें नको. तात्पर्य, धोंड्यांवरून वारंवार जाणाऱ्यानें पोलाद घ्यावें. क्वचित् जाणाऱ्यानें अ‍ॅल्युमिनियम.

पत्रा चासीच्या मजबूत भागांस जोडलेला असावा व चेंबरपासून त्यास अंतर असावें. नाहीं तर आघात चेंबरवरच जावयाचा. तेल बदलण्यास भोंक व हवा खेळण्यास वाट असावी. सहलीनंतर आंत सांचलेला चिखल व वाळलें गवत काढावें. तापलेल्या एक्झॉस्टला लागून गवत पेट घेऊं शकतें.

अंगावर चिलखत आहे म्हणून धोंड्याशीं झुंजावयाचें नसतें. अवघड जागीं एकानें खालीं उतरून चालकास वाट दाखवावी, हेंच बरें.