हातपाय बारीक, पोट पुढे: हे काय गणित आहे?

वसई, नालासोपारा, विरार… जिथून ऐकताय तिथे आधी एक प्रश्न. ‘मी कुठे जाडा आहे?’ असं तुम्हीही म्हणता ना?

२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापून आला. त्यात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! म्हणजे काट्यावर दोघे सारखे, आतून मात्र वेगळे.

हे येतं कुठून? याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांत नवजात बाळं मोजली. ब्रिटिश बाळांपेक्षा वजन बरंच कमी, पण त्या मानाने चरबी टिकून. पोटात असताना उपासमार झाली की स्नायू कमी बनतात. पुढे खाणं वाढलं, हालचाल कमी झाली, की डायबेटिसचा धोका वाढतो.

आता आपला पालघर जिल्हा बघा. जव्हार-मोखाड्यात कुपोषण, इकडे विरारला सुटलेली पोटं. आपल्याला वाटतं, ही दोन टोकं. पण डोंगरातून कामासाठी इकडे आलेल्या पोराच्या एकाच शरीरात ती भेटू शकतात. आणि गाव सुरक्षित आहे असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या बायका शहरात ३३.२ टक्के, गावात १९.७. म्हणजे गावातही पाचातली जवळपास एक!

मग करायचं काय? शिलाई मशीनच्या खणातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्यापुढे गेलात तर शुगर तपासून घ्या, बारीक दिसत असलात तरी.

महागडी पावडर नको. भाताचा ढीग थोडा कमी, डाळ जास्त. नाचणीची भाकरी, वसईची ताजी भाजी, बोंबील खा, पण रोज तळून नको. आणि ३०० मिली कोल्ड्रिंकमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते, हे लक्षात ठेवा.

कुणाच्या पोटावर हसू नका. टेप घरात सगळ्यांना लावा, आईला आधी. भेटूया पुढच्या भागात!