एम्प्रेस मिलची नवी चाती

नागपुरात जुम्मा तलावाजवळ, म्हणजे आजच्या गांधीसागरापाशी, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कारभार सोपवला तो बेझनजी दादाभाई मेहतांकडे. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडधंद्याचा त्यांना गंधही नव्हता. सुरुवात अडखळतच झाली. स्वस्तात आणलेली यंत्रं कुचकामी निघाली, बदलावी लागली.

मग १८८०च्या दशकात सूत कातायची रिंग चाती आली. जुन्या म्यूल यंत्राचा गाडा बाहेर सरकताना सुताला पीळ बसे आणि परतताना ते गुंडाळलं जाई. रिंगवर दोन्ही कामं एकाच वेळी, न थांबता. लँकेशायरचे मुरलेले गिरणीवाले मात्र म्यूल सोडेनात. हात बसलेल्या माणसाला पुन्हा नवशिका व्हायला जिवावर येतं. नागपूरच्याच मिहान उद्योगक्षेत्रातल्या ऑफिसातही, सॉफ्टवेअर बदललं की हेच चेहरे दिसतील. नागपूरने चाती चालवून पाहिली आणि ठेवली.

पुन्हा नवशिकं होण्याची ही तयारी येते कुठून? मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी २००६च्या ‘माइंडसेट’ पुस्तकात अपयशाकडे शिकण्याची संधी म्हणून पाहणारी वृत्ती मांडली. पटतं, पण सगळा भार कर्मचाऱ्याच्या मनावर टाकणं मला सोयीस्कर पळवाट वाटते. यंत्रात हात सापडला तर घरची चूल विझेल, या धास्तीत कोण नव्या यंत्राला हात लावेल? एम्प्रेसमध्ये खाडे कमी व्हावेत म्हणून बक्षिसं होती, १८८६मध्ये पेन्शन फंड आला आणि १८९५मध्ये अपघाताची भरपाई. देशात अशा भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं.