दुभाष्यामार्फत घेतलेली मुलाखत



परदेशी बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्यास आयात-निर्यातीचे आकडे ग्रंथालयात बसूनही मिळतात. परंतु अमुक देशातील आयातदार आपला माल का घेत नाही, हे आकड्यांच्या कोष्टकात लिहिलेले नसते. ते त्या आयातदारालाच विचारावे लागते. आणि त्याची भाषा व त्याचे शिष्टाचार आपणांस अपरिचित असले, तर हे विचारणे वाटते तितके सोपे राहत नाही. आज मी या विषयाचा विचार केवळ जपानपुरता करणार आहे, कारण माझ्या हातून चुका झाल्या त्या तेथे.

सुती सतरंज्यांना जपानमध्ये कितपत मागणी येईल, हे पाहण्यासाठी आम्ही काही वर्षांपूर्वी तेथील आयातदारांच्या मुलाखती घेतल्या. आमच्या प्रत्येक वाक्यागणिक समोरचे गृहस्थ 'हाय' म्हणत. 'हाय' म्हणजे 'होय', असे शब्दकोशात होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ पुष्कळदा 'ऐकतो आहे, पुढे बोला' एवढाच असतो. निघताना ते म्हणाले, 'केन्तो शिमासु', म्हणजे 'आम्ही विचार करू'. आम्ही अहवालात 'आयातदार अनुकूल' असा शेरा लिहिला. त्या शेऱ्याच्या भरवशावर काही विणकरांनी कर्ज काढून माग वाढविले. मागणी आली नाही. कर्जाचे हप्ते मात्र फेडावे लागले.

वास्तविक ही भाषा आपणांस नवी नाही. आपल्याकडे मुलाकडून 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला, तर मुलीचे वडील पंचांग घेऊन गणितातील चूक दाखवावयास जात नाहीत. 'बघू', 'कळवितो' यांचे अर्थ आपण बिनचूक ओळखतो. परक्या भाषेत मात्र आपण शब्दकोशालाच प्रमाण मानतो. जपानी व्यापारी 'मुझुकाशी', म्हणजे 'कठीण आहे', असे म्हणाला की त्याने बहुधा नकार दिलेला असतो, आणि आपण ती अडचण कशी दूर करता येईल हे त्यास उत्साहाने सांगू लागतो!

अशा गैरसमजातून राष्ट्रप्रमुखही सुटलेले नाहीत. नोव्हेंबर १९६९ मध्ये पंतप्रधान सातो आणि अध्यक्ष निक्सन यांची वॉशिंग्टन येथे भेट झाली. जपानी कापडाच्या निर्यातीस आळा घालण्याचे वचन मिळाले, अशी निक्सन यांची समजूत झाली. तसे घडले नाही आणि वाद ऑक्टोबर १९७१ मधील करारापर्यंत चिघळत राहिला. सातो यांच्या एका सौजन्यपर शब्दाचे भाषांतर आश्वासनासारखे झाले, ही कथा प्रसिद्ध आहे. नेमके काय बोलले गेले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण दुभाष्यांच्या वर्तुळात ती अजून सांगितली जाते.

मग विचारावे कसे? 'आपणांस आमचा माल आवडेल काय?' या प्रश्नास सभ्य मनुष्य एकच उत्तर देऊ शकतो. म्हणून भविष्याविषयी आणि आवडीविषयी विचारूच नये. शेवटचा माल कधी घेतला, कोणत्या मापाचा घेतला, किती दिवसांत पोहोचला, त्यातील किती परत केला, असे विचारावे. घडलेली गोष्ट सांगताना कोणासही दुसऱ्याचे मन राखावे लागत नाही. प्रश्न सहा-सातच असावेत, कारण दुभाष्यामुळे तासाचा अर्धाच तास हाती उरतो. आणि ते जपानीत लिहून आधी पाठवावेत. उत्तरापूर्वी समोरचा गप्प बसला, तर आपणही गप्प बसावे. आम्हा भारतीयांना हे फार जड जाते.

आकड्यांविषयी थोडे विस्ताराने सांगतो. जपानी मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते. 'मान' म्हणजे दहा हजार आणि 'ओकु' म्हणजे दहा कोटी. आपला एक लाख म्हणजे १० मान, तर एक कोटी म्हणजे १,००० मान. मध्ये इंग्रजी जाणणारा दुभाषा असला, तर त्याच्या डोक्यात मिलियन असतात. अशा तीन पद्धतींतून जाताना एखादे शून्य गळले, तर सारा अहवालच फसतो. यास्तव प्रत्येक आकडा कागदावर अंकांत लिहून समोर सरकवावा आणि त्यांच्या हातून त्यावर खूण करून घ्यावी. त्यांचे आर्थिक वर्ष आपल्याप्रमाणेच १ एप्रिलला सुरू होते, ही सोय आहे. पण जुन्या कागदांवर वर्ष सम्राटाच्या कालगणनेचे असू शकते. १९८५ हे तेथे शोवा ६० होते.

मापांचेही तसेच. खोली किती मोठी, असे विचारले तर 'सहा तातामींची' असे उत्तर येते. तातामी म्हणजे जमिनीवर अंथरलेली गवती चटई, सुमारे १.८ मीटर लांब व ०.९ मीटर रुंद. क्योतोकडील तोक्योकडील चटईपेक्षा मोठी. आमच्या सतरंज्या या हिशेबात कोठेच बसत नव्हत्या, आणि ते कोणी आपण होऊन सांगितले नव्हते.

कोणास भेटावे, हाही प्रश्न आहेच. आपणांस संचालकाची भेट मिळाली की धन्य वाटते. परंतु जपानी कंपनीत पुष्कळदा प्रस्ताव खालच्या विभागात तयार होतो आणि एकेकाची मोहोर घेत वर चढतो. माल हाताळणारा मनुष्य तेथे, खाली असतो. मुलाखतीत तो टोकाला बसलेला असतो आणि वरिष्ठांसमोर बोलत नाही. भेटपत्रे दोन्ही हातांनी घेऊन बसल्या क्रमाने समोर मांडण्याची तेथील रीत येथे उपयोगी पडते. कोणाचे काम काय, हे त्यावरून कळते.

दुसऱ्या खेपेस आम्ही दुभाषी स्वतः नेमली. यजमानांचा दुभाषा यजमानांची अब्रू सांभाळतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मुलाखत संपल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही तिच्याबरोबर चहाला बसलो आणि प्रत्येक उत्तर पुन्हा तपासले. 'येथे ते हसले, पण ते अवघडल्यामुळे,' असे ती सांगे. तिच्याच सूचनेवरून आम्ही त्या टोकाच्या गृहस्थांना वखारीत भेटण्याची परवानगी मागितली.

वखारीत त्यांना परत आलेल्या मालाविषयी विचारले. त्यांनी एक सतरंजी उलटी केली, ओल्या रुमालाने घासली आणि रुमालावर उतरलेला लाल रंग आम्हांस दाखविला. मग तक्रारींची वही काढली. रंग तातामीवर उतरतो. एकाच गठ्ठ्यातील दोन सतरंज्यांच्या लांबीत तीन सेंटिमीटरांचे अंतर पडते. ती पाने आम्ही तेथेच उतरवून घेतली आणि परतल्यावर अहवालाआधी विणकरांकडे धाडली.