मोटारसायकलीचें चाक घरीं काढतांना

टायर झिजला किंवा ट्यूब फुटली, म्हणजे मोटारसायकलीचें चाक घरच्या घरीं उतरवून तेवढेंच दुकानांत नेणें अनेकांस सोयीचें वाटतें. आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. नट सैल करणें हें कठीण काम नव्हे. कठीण आहे तें चाक निघाल्यावर गाडी निश्चल ठेवणें. साध्या १०० सी. सी.च्या गाडीचें वजन सुमारें ११० किलो, तर बुलेट ३५० चें सुमारें १९५ किलो भरतें. एवढें वजन कलंडूं लागलें, कीं तें हातांनीं सांवरूं पाहणारा मनुष्यच त्याखालीं सांपडतो.

म्हणून गाडी बळानें उचलावयाची नसून आधारावर ठेवावयाची आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. कोणतीही वस्तु उभी राहते ती तिच्या गुरुत्वमध्यांतून सोडलेला ओळंबा तिच्या आधारांच्या आंत पडतो तोंवरच. मधल्या स्टँडवरील गाडीला तीन आधार असतात : स्टँडचे दोन पाय आणि जमिनीस टेकलेलें एक चाक. बहुतेक गाड्यांत हें चाक पुढचें असतें. मागचें चाक काढल्यानें मागील भार कमी होतो व पुढचें चाक अधिकच घट्ट टेकतें. पुढचें चाक काढावयाचें झाल्यास मात्र तिसरा आधारच नाहींसा होतो; तेव्हां त्याच्या जागीं दुसरा आधार आधींच द्यावयास हवा.

जागा सपाट व कठीण असावी. मातींत स्टँडचे पाय रुततात, म्हणून त्यांखालीं जाड फळी घालावी. गुळगुळीत फरशीवर ते सरकतात, म्हणून रबरी चटई अंथरावी. इंजिन व सायलेन्सर पूर्ण निवूं द्यावें. आंसाचा नट गाडी दोन्ही चाकांवर असतांनाच, दुसऱ्या माणसास हँडल धरावयास सांगून, किंचित् सैल करून घ्यावा. चाक अधांतरीं असतां पान्यावर दिलेला जोरच गाडीला आडवी करतो. बाजूच्या स्टँडच्या भरंवशावर चाक कधींही काढूं नये. मधला स्टँडही गाडी पुढें सरकतांच मिटतो. यासाठीं त्याचा पाय दोरीनें पुढील बाजूस सांगाड्याशीं आवळून बांधावा.

पुढचें चाक उचलण्यास इंजिनाखालील भक्कम भागाशीं, मध्यें लाकूड घालून, जॅक लावावा. तेल सोडण्याचा बोल्ट व सायलेन्सरची नळी यांवर भार येऊं देऊं नये. चाक जमिनीपासून दोन बोटें सुटलें, कीं जॅकशेजारीं रुंद लाकडी ठोकळे रचून भार त्यांवर उतरवावा. विटा वापरूं नयेत. त्या अवचित फुटतात. घरांत झोपाळ्याच्या कड्या तुळईंत पक्क्या बसविलेल्या असतील, तर तेथून हँडलला ताणून बांधलेला दोर कलंडण्यास आळा घालील. पण भार ठोकळ्यांवरच असावा. ज्या गाडीला मधला स्टँड नाहीं, तिच्यासाठीं मागील आंसाजवळ दोन्ही बाजूंनीं धरणारा निराळा स्टँड आणावा.

नट पुरता काढण्यापूर्वीं गाडी हलक्या हातानें हलवून पाहावी. ती डुलली, तर सारी मांडणी पुन्हां करावी. दोन्ही चाकें काढावयाचीं असल्यास एक बसविल्यावरच दुसरें काढावें. चाक निघाल्यावर डिस्क ब्रेकची मूठ दाबूं नये. दाबल्यास आंतील पॅड एकमेकांजवळ येतात व चाक परत बसत नाहीं.

चाक दुकानांत गेलें, कीं घरीं उरते ती ठोकळ्यांवरची गाडी, आणि खरा धोका याच वेळीं असतो. घरांत लहान मुलें असतील, तर ती जागा कुलूप लावून बंद करावी. तशी सोय नसेल, तर चाक काढूंच नये. गाडीच दुकानांत न्यावी. चाक परत बसविल्यावर नट गाडी जमिनीवर उतरवून, कंपनीच्या पुस्तिकेंत सांगितला आहे तेवढाच आवळावा, आणि रस्त्यावर निघण्यापूर्वीं दोन्ही ब्रेक अंगणांतच पारखून घ्यावेत.