पाहुणा तज्ज्ञ आणि भिवंडीचे प्रश्न

बाहेरगावचा विद्वान व्याख्यानास बोलवावा, त्याला हार घालावा, तास-दीड तास त्याचे भाषण ऐकावे आणि आभारप्रदर्शन आटोपताच सर्वांनी आपापल्या घरी जावे, ही रीत महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली सुरू झाली व पुढे गावोगावच्या वाचनालयांनी तिचा कित्ता गिरविला. या परंपरेचे समाजावर मोठे ऋण आहे. तथापि तीत एक उणीव सहसा राहून जाते. विषय ठरवितो तो वक्ता, श्रोत्याचा प्रश्न मात्र त्याच्या मनातच राहतो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत ‘कोणास काही विचारावयाचे असल्यास’ असे म्हणतात, तेव्हा जो गृहस्थ उठतो तो बहुधा स्वतःचेच एक लहानसे भाषण करण्याकरिता उठतो!

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या गावी ही उणीव नुसती खटकत नाही, तर नुकसान करते. कामवारी नदीच्या काठचे हे शहर यंत्रमागांचे. येथे मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि मागावर उभा राहणारा कामगार पुष्कळदा बारा-बारा तासांच्या पाळीने राबतो. अशा गावात डॉक्टर येतात, अभियंते येतात, सरकारी योजनांचे जाणकारही येतात. त्यांचे ज्ञान खरे असते, हेतू चांगला असतो. परंतु ज्याच्या उपयोगाकरिता ते यावयाचे, त्याने काहीच विचारलेले नसते.

मागाच्या आवाजाचेच उदाहरण घ्यावे. अनेक माग एकत्र चालू असता आवाज नव्वद डेसिबलांच्या वर सहज जातो, आणि आठ तासांच्या कामाला नव्वद हीच कारखान्याच्या नियमांनी घातलेली मर्यादा आहे. तज्ज्ञ हे सांगेल, कर्णरंध्राचे चित्र फळ्यावर काढील आणि कानात बोळे घालावेत असा उपदेश करून जाईल. कामगाराची शंका निराळीच असते. मागाचे काही बिनसले की त्याला ते आधी आवाजावरून कळते. कान बंद केले तर ते कळणार कसे, आणि कापड खराब झाल्यास मजुरी कोणाची कापली जाणार? या प्रश्नाला उत्तर आहे. साध्या कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. योग्य बोळा सर्वच आवाज खाली आणतो. त्यामुळे ज्याचे कान शाबूत आहेत त्याला गोंगाटातला फरक सरावाने ओळखता येतो. मात्र ज्याचे ऐकू येणे आधीच मंदावले आहे, त्याला हे खरोखरच कठीण जाते. म्हणजे कामगाराची शंका खुळी नव्हती, आणि बोळा घालावयाचा तो कान जाण्याच्या आधी, हे तिच्यातूनच निष्पन्न झाले. न विचारता हे उत्तर मिळणे अवघड होते.

प्रश्न आधी आणि तज्ज्ञ मागाहून, हा क्रम महाराष्ट्रात एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली. कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांची. गावातील वीसेक माणसांनी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकावा, मागाहून त्यावर बोलावे आणि ज्या शंका उरतील त्या लिहून केंद्राकडे पाठवाव्यात. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. असे वीस कार्यक्रम झाले. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने केली.

या पाहणीचा निष्कर्ष नभोवाणीच्या चालकांनाही अंतर्मुख करील असा होता. ज्या गावांत नभोवाणी-यंत्र होते परंतु मंडळ नव्हते, तेथे माहितीत भर अल्प पडली. मंडळ असलेल्या गावांत ती लक्षणीय पडली. बोलणारा तोच होता, बोलणेही तेच. फरक होता तो ऐकणाऱ्यांनी एकत्र बसण्याचा. काही गावांनी चर्चेनंतर विहीर खणण्याचे ठरविले, काहींनी जातिवंत वळू आणण्याचे, काहींनी बालवाडी काढण्याचे. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे ती ओसरली. परंतु ओसरली म्हणून ती खोटी ठरत नाही.

भिवंडीलाही याच्या जवळपासचा अनुभव आहे, आणि तो महागड्या किमतीने मिळालेला आहे. १९७० आणि १९८४ या दोन साली येथे भीषण दंगली झाल्या. त्यानंतर १९८८ च्या सुमारास येथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. या समित्यांत केवळ पुढाऱ्यांना न बसविता दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली आणि पोलीस अधिकारी त्यांच्यात वरचेवर येऊन बसू लागले. पोलीस हा येथे बाहेरचा जाणकारच होता. एकदा भाषण करून निघून जाण्याची सोय त्याला नव्हती. आजच्या प्रश्नाचे काय झाले, हे पुढच्या बैठकीत लोक विचारणार होते. १९९२-९३ च्या दंगलींत शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. याचे सारे श्रेय बैठकांना देणे भाबडेपणाचे होईल. पण त्यांचा वाटा नाकारणेही अन्यायाचे ठरेल.

रोगराईच्या प्रसंगी हीच गोष्ट पुन्हा निकडीची झाली. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईबरोबर भिवंडी व मालेगाव येथेही गोवराची साथ उसळली. लस होती, नवव्या महिन्यात पहिली मात्रा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी, हा क्रमही ठरलेला होता. परंतु टोचल्यावर मुलाला ताप आला तर घरातल्या आईची त्या दिवसाची कमाई बुडते, हे फलकावर कोठे लिहिलेले असते? गोवराच्या लसीचा ताप काही मुलांना येतो, आणि तो बहुधा सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येऊन दोनेक दिवसांत उतरतो. एवढे जिला आधी सांगितले आहे, ती आई आठव्या दिवशी घाबरत नाही आणि शेजारणीलाही घाबरवीत नाही. तिने विचारले तर डॉक्टर हे सांगतोच. पण प्रतिष्ठितांच्या रांगेसमोर उभे राहून ती विचारील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

म्हणून शहरातील ज्या वाचनालयांना, शाळांना आणि मंडळांना तज्ज्ञ बोलवावयाचे असतील, त्यांनी निमंत्रणपत्र पाठविण्यापूर्वी पंधरा दिवस गल्लीत बसावे. प्रश्न ज्याच्या-त्याच्या भाषेत, शक्य तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. त्यांना शुद्ध करण्याचा मोह आवरावा, कारण शुद्ध करताना मजुरीचा उल्लेख पहिल्यांदा गळतो. स्त्रियांचे प्रश्न स्त्रियांनी गोळा करावेत. ती यादी पाहुण्याकडे आधी धाडावी. चांगल्या तज्ज्ञाला ती उपद्रव वाटत नाही, उलट त्याची तयारी सुकर होते. ‘हे मला ठाऊक नाही, विचारून कळवितो’ असे म्हणण्याची मुभा त्याला असावी, आणि ते कळविले की नाही हे पाहणारा एक चिटणीस नेमलेला असावा. हार नसला तरी चालेल. सभेची वेळ मात्र पाळी सुटण्याच्या हिशेबाने ठेवावी, आणि जागा अशी असावी की शेजारच्या मागांच्या खडखडाटात मागच्या बाकावरचा प्रश्न बुडून जाऊ नये.