कोशिंबिरीचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा ताळेबंद आपल्यासमोर ठेवण्यात आलाच आहे. त्यात न दिसणारी एक बाब आज मांडावयाची आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जंतुशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु डॉक्टर मंडळींच्या सहवासात इतके ध्यानी आले, की जंतूंचे गणित आणि सावकाराचे गणित एकच, चक्रवाढीचे! पुरेशी ऊब, ओलावा व पोषण मिळाल्यास ई. कोलाय हा जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एका जंतूचे ७ तासांत २० लाखांहून अधिक जंतू होतात. सकाळी चिरून दुपारपर्यंत उघड्या ठेवलेल्या काकडीवर हा वेग कदाचित कमी असेल, पण व्याज चढतच असते.

हा विषय आम्हांस सुचला तो आमच्याच चुकीतून. मागील पावसाळ्यात, घरी जाण्याच्या बेतात असलेल्या आमच्या काही रुग्णांना एकाच दिवशी जुलाब व ताप सुरू झाला. सर्वजण बरे होऊन घरी गेले, ही ईश्वरकृपा. दोष दुपारच्या कोशिंबिरीचाच होता, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कारण तपासणीसाठी जेवणाचा नमुना राखून ठेवण्याची पद्धतच आमच्याकडे नव्हती. मात्र स्वयंपाकघरात जाऊन पाहिले, तेव्हा कोथिंबीर, टोमॅटो, गाजर व मुळा एकाच टबात धुतले जात होते आणि टबातील पाणी गढूळ दिसले तरच बदलले जात होते. एका जुडीचे जंतू साऱ्या भाजीला लावण्याची ही सोय आम्हीच करून ठेवली होती. पाण्याची बचत म्हणून ही पद्धत सुरू झाली, आणि त्या बचतीचे कौतुक आम्ही स्वतः केले होते. त्याबद्दल या सभेसमोर खेद व्यक्त करतो.

मग प्रश्न उरतो, भाजीवर जंतू येतात कोठून? शेतातील कच्चे शेणखत, सांडपाणी मिसळलेले ओढ्या-नाल्याचे पाणी, वाहतुकीची पोती, हाताळणारे हात, आणि बाजारात भाजी टवटवीत दिसावी म्हणून बादलीतून शिंपडलेले पाणी. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर मैला पोहोचला, की त्यासोबत विषमज्वर, पटकी व हगवणीचे जंतू येऊ शकतात. शिजवलेल्या भाजीत ते मरतात. कच्च्या भाजीला अग्नीचे संरक्षण नाही.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या सान्तियागो या राजधानीत बहुतेक घरांत शुद्ध पाण्याचा नळ होता. तरीही १९८० च्या दशकात तेथे विषमज्वराने ठाण मांडले होते. शहराभोवतीचे भाजीचे मळे शहराच्याच मैलापाण्यावर पिकत होते, हे त्याचे मोठे कारण. १९९१ मध्ये पटकीची साथ दाराशी आली, तेव्हा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना असे पाणी देण्यास सरकारने बंदी घातली. पटकी आटोक्यात राहिली आणि विषमज्वरही झपाट्याने घटला.

दुसरे उदाहरण जर्मनीचे. २०११ मध्ये तेथे ई. कोलायच्या एका घातक प्रकाराने ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले व ५० हून अधिक दगावले. आरंभी स्पेनच्या काकडीवर ठपका आला. तेथील शेतकऱ्यांचा माल कोणी घेईना. पुढे तपासात काकडी निर्दोष ठरली आणि मोड आणलेल्या मेथीदाण्यांकडे बोट गेले. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की सटाण्याच्या बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना कोणी दोष देऊ नये. पहाटेपासून उन्हात बसणाऱ्या बाईजवळ ना नळ, ना हात धुण्याची जागा. जे पाणी हाती लागेल तेच ती शिंपडणार.

आमच्यापुरते आम्ही काही नियम केले आहेत. रुग्णांच्या ताटातील कच्ची कोशिंबीर बंद करून उकडलेले बीट, गाजर वा दुधी दिला जातो. भाजी वाहत्या पाण्याखाली धुतली जाते आणि प्रत्येक जेवणाचा नमुना शीतकपाटात राखला जातो. पाण्याचा खर्च वाढला आहे. लेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवल्यास उत्तर देण्यास आम्ही तयार आहोत.

रुग्णांच्या घरच्यांना विनंती, की रुग्णासाठी डब्यातून कच्ची कोशिंबीर वा चिरलेली फळे आणू नयेत. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया व मधुमेही यांची विशेष काळजी घ्यावी. घरीही आधी हात साबणाने धुवावेत; भाजी नळाखाली चोळून धुवावी, पालेभाजीचे पान न् पान सुटे करावे. मात्र भाजीला साबण लावू नये. मिठाच्या पाण्यावर भिस्त ठेवू नये. मांस-मासळीची सुरी व पाट वेगळे असावेत. कोशिंबीर जेवणाच्या वेळीच करावी, उरलेली ठेवू नये. धुण्याने जंतू कमी होतात, सर्वच्या सर्व जात नाहीत, हेही लक्षात असावे.

देणगीदारांपुढे मागणे एकच. नगरपरिषदेची संमती मिळवून भाजीबाजारात शुद्ध पाण्याची टाकी, चार नळ व हात धुण्याची जागा उभारावी, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. यंत्रसामग्रीवर कोरता येते तसे दात्याचे नाव नळावर शोभून दिसणार नाही कदाचित. पण जो रुग्ण आमच्या दारी येणारच नाही, त्याचे पुण्य त्या नळाच्या खाती जमा होईल.

ही भूमी देवमामलेदार यशवंतराव महाराजांची. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी खुला केला. त्यांच्या गावात निदान स्वच्छ पाण्याची बादली तरी भाजीवाल्या मावशींपर्यंत पोहोचावी, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.